झाकण न बघता

सरांनी ते मागणं केलं तेव्हा ती त्यांच्या पलंगाशेजारी बसून टोपी विणत होती. विणकामात तिची मजल बेताचीच. तिच्या स्वेटरचे दोन हात एकमेकांशी कधी जुळत नसत, आणि घरची माणसं ते केवळ तिच्या धाकाने घालत. पण रिकाम्या हातांनी बसणं तिला जमायचं नाही, आणि आजाऱ्याच्या खोलीत तर हातांचं करायचं काय हा मोठाच प्रश्न असतो.

“पेटीत काय आहे?” सरांनी विचारलं.

“पेटी बंद आहे, सर. अजून तीन-चार महिने तरी उघडत नाही.”

“बंद आहे म्हणूनच विचारतोय. उघडी असती तर पेपरात वाचलं असतं.” एवढं बोलून त्यांना दम लागला. नाकातली नळी सारखी करून ते म्हणाले, “किल्ली तुझ्याकडे आहे. आकडे नकोत मला. नुसती मान हलव. हो, की नाही.”

तिने सुया मांडीवर ठेवल्या. सर थट्टा करतायत का, हे तिने त्यांच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं. थट्टा नव्हती. हे असलं मागणं जन्मात कुणी करू नये म्हणून ज्या माणसाने नियम घालून दिला होता, तो माणूस समोर उशीला टेकून हात पसरत होता.

ही पेटी म्हणजे लाकडाची किंवा लोखंडाची नव्हे. एका डोंगराच्या पोटात, बोगद्याच्या टोकाशी, तिच्या चमूने काही स्फटिक अतिशय थंड करून ठेवले होते. वर एवढा डोंगर कशाला, तर आकाशातून येणारा बाकीचा कचरा अडावा म्हणून. आत जाताना बूट बदलायचे, केस झाकायचे, लोकर तर अंगावर चालायचीच नाही, तिथे तिच्या विणकामाची डाळ शिजत नसे. हे सगळं सोवळं एका प्रश्नासाठी होतं. प्रत्येक कणाला त्याचा उलटा जुळा असतो, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. न्यूट्रिनो नावाच्या कणाला तो आहे का, की न्यूट्रिनो हाच स्वतःचा जुळा? सरांनी ऐन तारुण्यात सांगून टाकलं होतं की तो स्वतःच स्वतःचा जुळा आहे. तेव्हा लोक हसले. सर हटले नाहीत, आणि आयुष्यभर त्या एका वाक्याला चिकटून राहिले.

ते म्हणतात ते खरं असेल तर त्या स्फटिकात कधीतरी, फार क्वचित, एका ठरावीक ताकदीची चमक उमटायला हवी. आलेखावर तिची जागा आधीपासून पक्की होती. आणि नेमकी तीच जागा संगणक झाकून ठेवत असे. बाकीचा आलेख सगळ्यांनी बघावा, तपासावा, चुका काढाव्या. तेवढी एक पट्टी कुणी बघायची नाही. तिलाच सगळे पेटी म्हणत. सगळं तपासून झालं, सगळ्यांनी मान डोलावली, की ती एकदाच, सर्वांसमोर उघडायची आणि जे निघेल ते निमूट छापायचं.

“माणसाला हवं ते दिसतं,” सर वर्गात सांगायचे. “आलेखात शिखर हवं असलं की तो इकडचं थोडं छाटतो, तिकडचं थोडं टाकतो, आणि शिखर उभं करतो. लबाडी नसते ती. लबाडी असती तर पकडता तरी आली असती.” एकदा त्यांच्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याने पेटीत डोकावलं होतं. सरांनी त्याला त्याच दिवशी कामावरून बाजूला केलं. तो रडला, पाया पडायचा तेवढा राहिला. “तुझ्यावर राग नाही,” सर म्हणाले होते, “पण आता तुझ्या डोळ्यांवर विश्वास कसा ठेवू?” तेव्हा ती कोपऱ्यात उभी होती आणि तिला ते फार आवडलं होतं. तरुणपणी दुसऱ्याला झालेली शिक्षा आपल्याला फार आवडते.

ती स्वतः या न्यूट्रिनोत आली तीही काही मोठ्या ओढीने नव्हे. तिला तारे हवे होते. ताऱ्यांकडे जागा भरल्या होत्या आणि सरांच्या खोलीत एक खुर्ची रिकामी होती. मुलाखतीला गेली तर सरांनी काही विचारलंच नाही. जिगसॉचे मूठभर तुकडे तिच्यासमोर ओतले आणि चित्र कशाचं आहे ते सांग म्हणाले. तिने बराच वेळ तुकडे उलटसुलट केले आणि म्हणाली, “आत्ता नाही सांगता येणार. यात कडेचा एकही तुकडा नाहीये.” तिच्या आधीच्या दोघांनी जहाज आणि देऊळ असं छातीठोक सांगितलं होतं. सर म्हणाले, सोमवारपासून ये.

घरी आईला समजावून सांगताना तिची पुरेवाट झाली. न्यूट्रिनो कुठूनही येतात, भिंतीतून, डोंगरातून, आपल्या अंगातून आरपार जातात, कुणाला धक्का नाही, कुणाची चौकशी नाही. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तुझ्या मामासारखे.”

जिगसॉ हा सरांचा छंद. छंद कसला, व्यसनच. पण ते झाकणावरचं चित्र कधी बघत नसत. नवा खोका आला की डोळे मिटून तो काकूंच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या, हातात द्यायचा. काकूंनी तुकडे परातीत काढून झाकण लपवायचं. कधी चादरींच्या घडीत, कधी शिवणयंत्राच्या खाली. महिना-दोन महिने जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग त्या तुकड्यांनी अडवलेला असायचा आणि पाहुण्यांना ताटं मांडीवर घ्यावी लागायची. चित्र पूर्ण झालं की मगच झाकण बाहेर यायचं, आणि सर ते चित्राशेजारी ठेवून असं बघायचे, की जणू झाकणानेच नक्कल केली आहे. पुढे तिला पेटीची किल्ली मिळाली. म्हणजे खरं तर एक परवलीचा शब्द. तो दोघांनाच माहीत असायचा, एक चमूचा प्रमुख आणि दुसरी ती. चमूतली पोरं तिला किल्लीबाई म्हणायला लागली. काकूंना हे कळलं तेव्हा त्या खूश होऊन म्हणाल्या, “म्हणजे आपण दोघी एकाच खात्यात की गं.”

आता टेबलावरचा जिगसॉ काकूंनी एका फळीवर सरकवून पलंगाशी आणून ठेवला होता. कडा लागल्या होत्या, एका कोपऱ्यात कुंपण लागलं होतं, आणि बाकी सगळं राखाडी. ते पाणी की आभाळ, हे सरांना उमगत नव्हतं. एकेक तुकडा बोटांत धरून ते बराच वेळ बसत आणि मग हात खाली ठेवत.

त्या दिवशी तिने मान हलवली नाही. हलवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच. पुढच्या वेळी सरांनी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या वेळी काकू चहा ठेवायला आत गेल्या आणि सरांनी तिचं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता.

“मी मरतोय गं,” ते म्हणाले. “डॉक्टर फिरवून सांगतो, पण माझं गणित त्याच्यापेक्षा बरं आहे. तुमची पेटी उघडेल तेव्हा मी नसेन.”

“असं नका म्हणू, सर.”

“मग काय म्हणू? अख्खं आयुष्य गेलं माझं त्यात. एवढं कळलं तर काय बिघडेल? मी कुणाला जाऊन सांगणार आहे?”

तिच्याकडे नियमाचं उत्तर होतं, पण ते त्यांचंच होतं, आणि त्यांचं त्यांनाच परत करण्याइतकी ती निगरगट्ट नव्हती.

ती प्रमुखाकडे गेली. तो आणि ती एकाच वर्षी सरांकडे शिकायला आलेले, तेव्हा अरे-तुरेतले. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले.

“उघडूया का लवकर?” ती म्हणाली. “सरांसाठी.”

“मोजमापांची दुरुस्ती अर्धी राहिलीये. आज उघडली तर जे दिसेल त्यावर कोण विश्वास ठेवेल? आणि जगभर काय सांगायचं, आमचे सर आजारी होते म्हणून?” मग हळू आवाजात तो म्हणाला, “मलाही वाईट वाटतं. पण हे सरच सगळ्यात आधी नाही म्हणाले असते.”

“आता नाही म्हणत ते.”

“आता ते सर नाहीत. पेशंट आहेत.”

तो बरोबर होता, आणि त्याचा तिला मनस्वी राग आला. बरोबर असणाऱ्या माणसांशी भांडताही येत नाही.

रविवारी दुपारी ती ऑफिसात गेली. जिन्यात फरशी पुसणारी बाई होती, ती म्हणाली, ओलं आहे, जपून जा. ती जपून गेली. खुर्चीत बसली, परवलीचा शब्द टाकला. त्या क्षणी तिच्या मनात काही उदात्त वगैरे नव्हतं. मनगटावरची ती बोटं होती, एवढंच. संगणकाने विचारलं, खात्री आहे का. तिने हो म्हटलं.

पट्टी भरली. तिथे काही नव्हतं. दोन-चार ठिपके होते, पण तेवढे तर आलेखावर कुठेही होते. शिखर नाही, उंचवटा नाही, आजूबाजूला जसं सपाट तसंच इथेही सपाट. इतक्या वर्षांचं काम, आणि बघायला पेलाभर पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

मग तिला कळलं की आपण काय करून बसलो. नियम मोडला हे तर होतंच, आणि आलेखाच्या कामातून आपण कायमच्या बाहेर गेलो हेही. पण खरी गोष्ट वेगळी होती. ऑफिसात येताना, परवलीचा शब्द टाकताना, एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की आत काही नसेल. तिने डोक्यात सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती. आपण जाऊ, मान हलवू, सर डोळे मिटतील, काकू रडतील. ‘नाही’ निघालं तर काय करायचं याचा विचार तिने केलाच नव्हता. ज्या खोडीसाठी सरांनी पेटीला कुलूप लावलं होतं, ती खोड किल्लीवालीच्याच अंगात होती. त्या रिकाम्या ऑफिसात तिला स्वतःची विलक्षण शरम वाटली.

तिथून ती थेट सरांकडे निघाली. वाटेत तिने बोलायची तालीम केली. ‘आहे, सर.’ नुसते दोन शब्द. हे म्हटलं की झालं, आणि खोटं कधी उघडं पडणारही नाही, कारण पडेल तेव्हा सर नसतील. मग तिने खऱ्याची तालीम केली. ‘दिसलं नाही म्हणजे नाहीच असं नाही, सर, स्फटिक अजून मोठे घेतले तर...’ ही सबब सांगणाऱ्यांची सर आयुष्यभर टर उडवत आले होते. तीच सबब आता त्यांच्या उशाशी जाऊन सांगायची होती.

सर जागे होते. दाढी वाढली होती. तिला पाहिल्याबरोबर त्यांनी काकूंना काहीतरी आणायला बाहेर पाठवलं, आणि तिच्या लक्षात आलं की त्यांनी तिची वाट बघितली आहे.

“बोल,” ते म्हणाले.

ती उभीच राहिली. तोंड उघडलं. ‘आहे’ हा शब्द जिभेपर्यंत आला आणि तिथेच अडला. या माणसाने तिला पहिल्या दिवशी कशासाठी घेतलं होतं? कडेचा तुकडा नसताना तिने चित्र सांगितलं नाही म्हणून. त्याला आता ती न निघालेलं चित्र कसं सांगणार होती? आणि ‘नाही’ म्हणायला तर तिच्यात बळच नव्हतं. वाळलेल्या त्या माणसाच्या हातून ते एक वाक्य कसं काढून घ्यायचं?

“पेटी बंद आहे, सर,” ती म्हणाली. “मी नाही उघडू शकत.”

खोटं बोलायचं नाही म्हणून ती खोटं बोलली.

सर तिच्याकडे बघत राहिले. ते ओळखतील, असं तिला वाटलं; ओळखावं, असंही वाटलं. पण त्यांची नजर अधू झाली होती, किंवा त्यांना हवं तेच दिसत होतं. त्यांच्या नजरेत राग आला, मग राग गेला, आणि उरली ती निव्वळ निराशा, दुकानात हट्ट करून रिकाम्या हाती परतणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर असते तशी. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

“बरं,” ते म्हणाले. “या तुम्ही.”

इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

सोमवारी तिने प्रमुखाला सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, पेटी केव्हा आणि कुणी उघडली हे संगणक नोंदवून ठेवतोच. पण नोंद नसती तरी तिने सांगितलंच असतं. तिने पहिलं वाक्य उच्चारलं मात्र, त्याने खुर्ची गर्रकन भिंतीकडे फिरवली.

“थांब. पुढे बोलू नकोस. आणि मी तुझ्याकडे बघणार नाही. तुझा चेहरा मला चांगला वाचता येतो.”

“मी काही सांगत नाहीये.”

“सरांना सांगितलंस?”

“नाही.”

तो भिंतीशी बोलत होता. त्याने विचारलं, “मग कशासाठी केलंस?”

तिलाही तेच विचारायचं होतं, पण कुणाला विचारणार. त्याने तिला आलेखाच्या कामातून काढून स्फटिक थंड ठेवणाऱ्या पंपांवर टाकलं. चमूला सांगितलं की सरांच्या आजारपणामुळे तिला हलकं काम हवंय. तेही खोटंच, खोटं बोलणाऱ्यांत आता त्याचीही भर पडली. त्यानंतर बोगद्यात समोरासमोर आले की तो खाली बघून जाई, आणि पोरांना वाटे दोघांचं बिनसलं.

सरांकडे ती जात राहिली. तिचं तिथे काही काम उरलं नव्हतं, तरी जात राहिली. सर आता काही विचारत नसत. “बऱ्या आहात ना?” म्हणत, “पंप ठीक चाललेत ना?” म्हणत, आणि डोळे मिटून घेत. तिला रोज वाटे, आज सांगून टाकावं. मी उघडली होती हो, सर. तुमच्यासाठी सगळं टाकून उघडली होती. पण तेवढंच सांगता येत नव्हतं. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येणार होता. त्यामुळे ती टोपी विणत बसे, चुकली की उसवे, आणि पुन्हा विणे. टोपी पुरी झाली तेव्हा सरांच्या डोक्याला ती मोठी होत होती. काकूंनी तरी ती घातली त्यांना.

सर गेले ते एका सकाळी, काकू खिडकी उघडत असताना. पेटी उघडायला तेव्हा अवकाश होता.

माणसं येऊन गेली, फुलं सुकली, आणि मग काकूंनी तिला बोलावून घेतलं. घर विचित्र मोकळं दिसत होतं. नळ्या, बाटल्या, यंत्र, सगळं गेलं होतं, पलंगाच्या पायांचे तेवढे वळ फरशीवर उरले होते. जिगसॉची फळी मात्र जेवायच्या टेबलावर परत आली होती. कुंपणाशेजारी राखाडीचा थोडा भाग भरला होता, बाकी लाकूड दिसत होतं. ते पाणी की आभाळ, अजूनही सांगता येत नव्हतं.

“हे तू ने,” काकू म्हणाल्या. “मला मोडवत नाही.”

“हो काकू.”

काकूंनी चहा दिला, स्वतः घेतला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या बसून राहिल्या. काहीतरी बोलायचं होतं त्यांना.

“तुला एक सांगू? शेवटच्या आदल्या दिवशी त्यांनी झाकण मागितलं.”

तिने कप खाली ठेवला.

“आपलं हे, जिगसॉचं. उभ्या जन्मात कधी मागितलं नव्हतं. म्हणाले, एकदा दाखव, मला कळू दे काय आहे ते. कितीदा म्हणाले. शिवणयंत्राच्या खाली होतं, माझ्यापासून चार पावलांवर.” काकूंनी शिवणयंत्राकडे बोट केलं. “उठले होते मी आणायला. खरंच उठले होते. मग तुझी आठवण झाली. त्यांनी तुझ्याजवळ एवढं तोंड वेंगाडलं, मी दारामागून ऐकत होते, तरी तू नियम सोडला नाहीस. म्हटलं, ती परकी पोर एवढी घट्ट राहिली, मी तर घरची. मग नाही म्हटलं मी. म्हटलं, पुरं करा आणि मग बघा. तू राहिलीस म्हणून मला जमलं गं.”

काकू उठल्या, झाकण घेऊन आल्या आणि पालथंच टेबलावर ठेवलं.

“ते रागावले नाहीत. नुसते बघत राहिले माझ्याकडे. तेवढं एक डोळ्यांपुढून जात नाही.” काकूंनी तिचा हात धरला. त्यांच्या बोटांत चांगलाच जोर होता. “बरं केलं ना गं मी? तू सांग. तुला कळतं यातलं.”

पालथ्या झाकणाकडे बघत ती म्हणाली, “हो काकू. बरं केलंत.”